पिल्लू म्हणून बकरीच

बँकेत बसून गुंतवणुकीच्या योजना विकणाऱ्या एका माणसानं माझ्या बायकोला फसवलं. गोड बोलून, खुर्ची देऊन, मावशी म्हणून फसवलं. मी त्या वेळी बँकेच्या दारात फोनवर दोन बोकडांचा सौदा करत उभा होतो, आणि तो सौदा मी जिंकला होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी मला दोन्ही बाजू ऐकून घ्यायला सांगायला नको. त्याची बाजू मी ऐकली आहे. त्याच्याच तोंडून, हिंगणघाटला, त्याच्याच ऑफिसात.

मी सेलूचा बकऱ्यांचा व्यापारी. बापानं माझ्यासाठी मागं ठेवलं ते एक सायकल आणि एक भांडखोर जीभ. सायकल चोरीला गेली. बाजारात लोक माझ्याशी भाव करायला दुपारनंतर येतात. त्यांना वाटतं, तोवर हा दमून मऊ पडेल. मी दमत नाही. मला बसवतच नाही मुळी. भाव ठरवायला दुपट्ट्याखाली हातात हात गेला की समोरच्याची बोटं त्याच्या तोंडापेक्षा जास्त बोलतात. कोण अडलेला आहे, कोण नुसती हवा करतोय, कोणाला आजच्या आज रोख पाहिजे, ते बोटांच्या घामावरून कळतं. पंचवीस-तीस वर्षांत मला जनावरात कुणी फसवलेलं नाही. म्हणूनच हे जास्त झोंबतं.

मी धंद्याला लागलो तो एका बकरीवर. आमच्याकडे बकरी बटईनं देतात. बकरी एकाची, चारणारा दुसरा. ती व्याली की पिल्लं अर्धी मालकाची, अर्धी चारणाऱ्याची. बकरी मालकाचीच राहते. वाटणीच्या दिवशी एक रीत पाळतात. चारणारा पिल्लं घेऊन आला की आधी माय पुढं उभी करतो. माय धडधाकट आहे हे मालकानं डोळ्यानं पाहिलं, की मग पिल्लांचं बोलणं. यात कुणी कुणावर संशय घेत नाही. सख्ख्या भावांतसुद्धा हे असंच चालतं. मी आधी दुसऱ्याच्या बकऱ्या बटईनं चारल्या, माझ्या वाट्याची पिल्लं वाढवली, आणि काही वर्षांनी माझ्या बकऱ्या दुसरे चारू लागले.

शेअर मला याच रीतीनं समजले. नागपूरचा एक गिऱ्हाईक माझ्याकडून बोकड नेत असे. एकदा पैसे मोजताना त्याच्या मोबाईलवर मेसेज आला आणि तो हसला. म्हणाला, कंपनीनं लाभांश पाठवला. मी विचारलं, मग तुझे शेअर तेवढे कमी झाले असतील? तो म्हणाला, एकही नाही, सगळे जागच्या जागी आहेत. मी त्याला थांबवलं, पुन्हा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. त्याला वाटलं, हा पैसे मोजू देत नाही. पण मला कळलं होतं. ही बटई आहे. कंपनी चारणारी, मी मालक, लाभांश म्हणजे पिल्लू.

त्यानंतर मी दरवर्षी थोडे थोडे शेअर घेत गेलो. जो माल किराणा दुकानदार ठेवल्याशिवाय राहू शकत नाही, तो बनवणाऱ्या कंपन्या शोधल्या. साबण, चहा, रंग, औषधं, एक कोळशाची सरकारी. कागदावरचा भाव रोज वर-खाली होतो, तिकडं मी बघत नाही असं लोकांना सांगतो. बघतो. दिवसातून पाच वेळा बघतो, पण विकत नाही. लाभांश बहुतेक पावसाळ्यात येतात, काही कंपन्या फाल्गुनाच्या आसपास आणखी एकदा देतात. एका वर्षी एकीनं काहीच दिलं नाही, तेव्हा मी तिला भर बाजारात आईबहिणीवरून शिव्या दिल्या. शेजारच्या कोंबडीवाल्यानं विचारलं, "कोनाले देऊन राह्यला गा?" मी म्हटलं, "मुंबईले."

आता बायकोची गोष्ट. तिचं माहेर वडनेरचं. सासरे गेल्यावर शेताच्या वाटणीचा विषय निघाला. आमच्याकडे बहिणी हक्क सोडल्याची सही करून देतात. सही केली की साडीचोळी, गोडाचं जेवण, आणि दिवाळीला माहेर शाबूत. बायकोच्या मोठ्या बहिणीनं सही केली. हिनं पेन खाली ठेवला.

थोरला भाऊ म्हणाला, "बाई, तुले काय कमी हाय? भाऊजी एवढे कमावून राह्यले."

"ते कमावून राह्यले," ती म्हणाली. "मी नाई."

"मंग माहेर नको, असं म्हण."

"हे तू म्हनून राह्यला. मी नाई म्हटलं."

मी तिथंच भिंतीला टेकून उभा होतो. माझी जीभ वळवळत होती, पण तिनं येतानाच सांगितलं होतं, तुमी मधात पडाचं नाई. भाव तिनं स्वतः केला. भावांना शेत तोडायचं नव्हतं, म्हणून त्यांनी तिच्या हिश्श्याचे पैसे द्यायचं कबूल केलं. मी असतो तर थोडं जास्त काढलं असतं, पण थोडंच. पैसे आले आणि वडनेरचं दार बंद झालं. राखीला गेली तर धाकट्या भावानं राखी बांधून घेतली, पण ओवाळणीचं ताट रिकामंच राहिलं. पुढच्या वर्षी ती गेली नाही. पुतणीच्या लग्नाचं बोलावणं आलं नाही. हिनं तरी कुणाच्या हाती आहेर पाठवला. तो परतही आला नाही, आणि मिळाला म्हणून फोनही आला नाही.

म्हणजे त्या पैशांसाठी तिनं काय मोजलं होतं, ते समजून घ्या. रक्कम मोठी असेल नसेल. तिनं त्यासाठी माहेर मोजलं होतं.

मला वाटलं, पैसे आता माझ्याकडे येतील. मी मनात कंपन्यांची नावंही काढून ठेवली होती. ती म्हणाली, "हे पैसे तुमच्या धंद्यात नाई टाकाचे. अन् तुमच्या त्या कंपन्यातही नाई."

"काऊन?"

"तुमच्याजवळ देले तं ते तुमचे होऊन जातीन. मंग मी बांगड्याले पैसे मागीन, अन् तुमी भाव करान."

"बांगड्यांचा तं भाव करावाच लागते."

"पाह्यलं?" ती म्हणाली.

तिला एवढंच पाहिजे होतं की दर महिन्याला काहीतरी तिच्या खात्यात यावं, आणि ते कशाला लागतं हे कुणी विचारू नये. बँकेत तिची एफडी करायची ठरली होती. खिडकीवर गेलो तर तिथल्या बाईंनी आम्हाला कोपऱ्यातल्या टेबलाकडं पाठवलं. तिथं तो बसला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मुलायम आवाज. एफडीचं व्याज आता काय राहिलंय मावशी, म्हणाला. तुमच्यासाठी दुसरं आहे. दर महिन्याला लाभांश, तोही करमुक्त, आणि तुमची रक्कम जागच्या जागी वाढत राहणार.

लाभांश हा शब्द ऐकला आणि मी दारातून आत डोकं घातलं. "दर महिन्याले लाभांश कोनती कंपनी देते बे?"

तो चिडला नाही. चिडला असता तर मी त्याला ओळखलं असतं. हसून म्हणाला, "काका, ही एक कंपनी नाही. पुष्कळ कंपन्यांमध्ये पैसे लावतात, तज्ज्ञ लोक सांभाळतात. तुम्ही बकऱ्या सांभाळता तसं."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. बाहेर जा, असं ते पाहणं होतं. तेवढ्यात त्या बोकडांच्या सौद्याचा फोन वाजला, मी बाहेर गेलो.

पुढची दोन-तीन वर्षं मी जितका जळलो तितका कधी जळलो नसेन. महिना लागला की तिचे पैसे यायचे. माझे लाभांश पावसाची वाट बघायचे, तिचे पगारासारखे यायचे. तिनं चष्मा केला, शिलाई मशीनला मोटर बसवून घेतली. एकदा बांगडीवाल्यानं सांगितला तेवढा भाव माझ्यासमोर त्याच्या हातावर ठेवला आणि वर म्हणाली, "ठेवा भाऊ, बरोबर हाय." माझा तो सगळा दिवस वाया गेला. हिवाळ्यात माझ्याकडं काही आलं नाही की ती भाकरी थापता थापता विचारायची, "तुमच्या कंपन्या सुतक पाळून राह्यल्या काय?"

मी बाजारात चार शहाण्यांना विचारलं, दर महिन्याला सारखा लाभांश कसा येतो? बकरी दर महिन्याला व्यायला लागली तर माणूस बकरीकडं बघेल की नाही? कुणाला सांगता आलं नाही. एक जण म्हणाला, तुम्ही जुन्या पद्धतीचे आहात. मला ते खरं वाटू लागलं. रागाच्या भरात मी माझ्या कंपन्या विकून तिकडंच टाकणार होतो. का टाकल्या नाहीत ते मलाही सांगता येत नाही. कदाचित त्या पांढऱ्या शर्टाला मला पुन्हा काका म्हणू द्यायचं नव्हतं.

मग एका सकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "अजी, पाचशे रुपये देता काय?"

मी दिले. कशाला, ते विचारलं नाही. ती जागची हलली नाही. म्हणाली, "काऊन नाई इचारलं?"

"इचारू काय?"

"नको."

पण मग तिनंच सांगितलं. आधी रक्कम थोडी कमी झाली होती. मग निम्मी. मग आणखी कमी. मागच्या महिन्यात आलीच नव्हती. तिनं वर्षभर मला कळू दिलं नाही. भिशीचे पैसे भरायला काही उरलं नाही, म्हणून माझ्यापुढं हात केला. तो हात मला अजून दिसतो. बांगड्यांसारखा मी याचाही भाव करीन म्हणून तिनं तो वर्षभर मागं धरला होता.

आम्ही दोघं बँकेत गेलो. पांढरा शर्ट सोडून गेला होता. टेबलावर एक नवीन मुलगी होती. तिनं नंबर टाकला, स्क्रीनकडं पाहिलं, आणि तिचा आवाज बारीक झाला.

"काकू, तुम्ही टाकले होते त्याच्यापेक्षा आता बरेच कमी आहेत."

"मी तं काईच काढलं नाई."

"दर महिन्याला निघत होते ना."

"तो लाभांश होता."

"आधी त्याला लाभांश म्हणायचे, काकू. आता नाव बदललंय. बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनंच बदलायला लावलं. आता नावातच सांगावं लागतं, की तुम्हाला मिळतं त्यात तुमचं स्वतःचं भांडवलही परत दिलेलं असू शकतं."

मी विचारलं, "नाव बदलाले काऊन लावलं?"

"लोकांचा गैरसमज होत होता म्हणून."

"गैरसमज आपोआप होत नाई, बाई. कोनीतरी करून देते." त्या मुलीचा काही दोष नव्हता, पण मी हे इतक्या जोरात बोललो की पासबुक भरायच्या रांगेतली माणसं वळून बघू लागली. बायकोनं माझी बाही ओढली.

बाहेर पायरीवर ती बसली. मी फेऱ्या मारत होतो. तिनं पासबुकाची पानं मागं मागं उलटली. मग म्हणाली, "म्हनजे तो दर महिन्याले पिल्लू म्हनून मायीच बकरी आनून देत होता."

मी थांबलो.

"अन् मी बांगड्यावाल्याले म्हनत होती, ठेवा भाऊ, बरोबर हाय."

ज्यांना शेअरचं कळतं ते म्हणतील, लाभांश दिला की शेअरचा भावही त्या दिवशी तेवढा उतरतोच. उतरतो. मला माहीत आहे. बकरी व्याली की तिच्याही फासळ्या दिसतात. पण ती पुन्हा चरते, अंग धरते, कारण कंपनी रोज साबण विकते आणि पुन्हा कमावते. चांगली कंपनी जेवढं कमावते त्यातलंच देते, आणि नाही कमावलं तर तोंड वाईट करून नाही म्हणते. मला एका वर्षी नाही म्हणाली, मी शिव्या दिल्या, पण ती खरं बोलली होती. इथं तसं नव्हतं. महिन्याचं वचन आधी देऊन टाकलं होतं. कमाई झाली तर कमाईतून, नाही झाली तर कळपातून. मध्ये बाजारही पडला होता, तेही खरं. पण पडत्या बाजारात, चारा नसताना, महिन्याच्या महिन्याला कळपातली जनावरं काढली तर पाऊस आल्यावर चरायला उरतं कोण? आणि हे सगळं चालू असताना तिला एकच शब्द ऐकू येत होता, लाभांश. त्या शब्दात लाभ आहे. ती चौथी शिकली आहे, पण लाभ म्हणजे काय ते तिला कळतं. दिवाळीला भिंतीवर कुंकवानं लिहितात तो.

तो माणूस आता हिंगणघाटला आहे, असं शिपायानं सांगितलं. बायकोला मागं बसवून मी गाडी तशीच वर्ध्याच्या रस्त्याला घातली. ती म्हणाली, घरी कुलूप नाही. मी म्हटलं, राहू दे. वर्धा ओलांडल्यावर ती पाठीमागून ओरडली, "हळू चालवा, नाई तं त्याच्या आधी आपनच जाऊ!" मी वेग कमी केला नाही. डोक्यात वाक्यं जुळवत होतो. एक जुळलं की दुसरं त्याच्याहून जहाल सुचत होतं, आणि हिंगणघाट येईपर्यंत मी त्याला शंभर वेळा पाडून झालो होतो.

मोबाईलच्या दुकानावर त्याचं स्वतःचं ऑफिस. काचेचं दार, भिंतीवर हसणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याचं चित्र. शर्ट आता फिकट निळा होता. त्यानं हिला लगेच ओळखलं, आणि हेच मला सगळ्यात जास्त लागलं. विसरला असता तर समजू शकलो असतो.

"अरे मावशी! सेलूच्या ना? बसा, बसा. काका, बसा ना."

मी बसलो नाही. त्यानं चहा मागवला. मी जे जे जुळवलं होतं ते सगळं एका दमात बोललो, आणि बोलताना कळलं की त्यातलं निम्मं नुसत्या शिव्या आहेत. त्यानं ऐकून घेतलं. अशी माणसं ऐकून घेण्यात तयार असतात.

मग तो हिच्याकडं वळून म्हणाला, "मावशी, तुम्हीच म्हणाल्या होत्या, दर महिन्याला पाहिजे. बाजार काही दर महिन्याला देत नाही. मग द्यायचं कुठून?"

"हेच तेव्हा सांगाचं होतं ना बे!"

"काका, तेव्हा हे सांगितलं असतं तर तुम्ही टाकले असते का?"

तो हे अगदी सहज बोलला. भावातली अडचण सांगावी तसं. मी दुपट्ट्याखाली हजारो हात धरले आहेत, आणि समोरच्याचं बोट नकळत हललं की ते मला लगेच कळतं. पण माझ्याआधी ते हिला कळलं.

"म्हनजे तुमाले माहीत होतं," ती म्हणाली.

"तसं नाही मावशी. आम्हाला वरून जे शिकवलं ते आम्ही सांगत होतो. तेव्हा सगळीकडे हेच चालू होतं. सगळेच विकत होते."

"मी सगळ्यांचं नाई इचारलं. तुमाले माहीत होतं काय?"

त्याचा फोन वाजला. वाजला नसता तरी त्यानं उचलला असता. बोलत बोलत तो गॅलरीत गेला आणि परत आला तेव्हा हातात एक चकचकीत माहितीपत्रक होतं. म्हणाला, "झालं ते झालं, मावशी. आता जे राहिलंय ते तिथून काढून यात टाकू. हे वेगळं आहे. यात दर महिन्याला..."

मी टेबलावर हात आपटला. चहाचे दोन्ही ग्लास त्या माहितीपत्रकावर सांडले. खालच्या मोबाईलवाल्याचा पोरगा जिन्यात येऊन बघून गेला. हा टिश्यू पेपरनं चहा पुसत म्हणाला, "काका, भांडून काय होणार? तुमच्या सह्या आहेत." माझी सही नव्हती, हिची होती. मी हे त्याला सांगायच्या आत ती उठली होती.

"चला."

"त्याले सोडू काय असंच?"

"चला म्हटलं ना."

जिन्यात मी परत वर जायला निघालो. तिनं आडवा हात धरला. "तुमी भांडान, तो माफी मागीन, तुमी जिंकान. मले काय भेटन?"

मी खाली उतरलो. गाडीला किक मारली, ती बंद पडली, पुन्हा मारली.

राहिलेले पैसे आम्ही काढले. यावेळी ती स्वतः म्हणाली, तुमच्या कंपन्या दाखवा. तिच्या नावानं खातं उघडलं. एकेका कंपनीसाठी तिनं माझं डोकं खाल्लं. हे काय बनवते? हे कोन घेते? लोकांनी घेनं बंद केलं तं? मी गेली चौदा-पंधरा वर्षं शेअर घेतो, मला कुणी एवढे प्रश्न विचारले नव्हते, आणि तीन ठिकाणी मला उत्तर आलं नाही. त्या तीन तिनं गाळल्या. चार ठेवल्या. म्हणाली, "एक तारखेले नाई आलं तरी चालन."

पावसाळ्यात पहिला लाभांश आला. थोडासाच. मी बाजारातून धावत घरी आलो, मेसेज दाखवला. मला वाटलं, हसेल. तिनं चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि विचारलं, "हे कोनाचे?"

"तुये."

"ते समजलं. मायेच मले परत तं नाई?"

मी खातं उघडून दाखवलं. शेअर होते तेवढेच होते. तिनं आकडा मोजला, मान हलवली. पण ते पैसे तिनं काढले नाहीत. दुसरा आला, तोही नाही. आता जे येतं ते तिच्या खात्यात तसंच पडून आहे. मेसेज आला की ती आधी शेअर मोजायला लावते, मग फोन परत देते. मी म्हणतो, अगं, हे खरं आहे, हे खर्च करायचंच आहे, याच्यासाठीच तर घेतले. ती म्हणते, "तोही असाच म्हनत होता." परवा बांगडीवाला आला. तिनं त्याच्याशी भाव केला. तासभर, माझ्यासारखा. मी आतल्या खोलीत फेऱ्या मारत ऐकत होतो. शेवटी तिनं बांगड्या घेतल्याच नाहीत.

आणि मग वडनेरहून फोन. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सेलूची गोष्ट वडनेरला जायला किती वेळ लागतो? कुणीतरी सांगितलं असणार. मला वाटलं, भाऊ विचारपूस करतोय. मी खुणेनं म्हटलं, स्पीकरवर टाक. थोरला म्हणाला, "आमच्याकडंच राहू देलं असतं तं बरं होतं ना, बाई. निदान शेत तं दिसलं असतं."

ती "हो" म्हणाली. फोन ठेवला आणि नळाखाली भांडी घासायला बसली. भांडी आधीच घासलेली होती.

लोक मला म्हणतात, जाऊ द्या, रक्कम काही फार नव्हती, बाजारात असं होतंच. बाजारात काय होतं ते मला शिकवू नका. जनावर मेलं तर नुकसान माझं, मी कुणाला जाब विचारत नाही. भाव पडला तर पडला. पण जनावर काय आहे हे लपवून विकलं, तर आमच्या बाजारात विकणाऱ्याला बोलावतात, घेणाऱ्याला समोर बसवतात, चार माणसांत विचारतात, आणि त्याला बोलावंच लागतं. मोठा व्यापारी असला तरी. वरून शिकवलं होतं, असं तिथं चालत नाही. वरचा कोण, ते सांग म्हणतात, आणि त्यालाही बोलावतात.

म्हणून मी तुला बोलावतो आहे. तुझं नाव मी इथं लिहिलं नाही, ते तुला माहीत आहे. तिच्या पैशांवर तुला जे कमिशन मिळालं ते मला परत पाहिजे, सगळं. त्यात मी एक रुपया सोडणार नाही आणि हप्ते घेणार नाही. पण ते देऊन तुझी सुटका होईल, असं समजू नकोस. तुझ्यावर जे बसले होते, ज्यांनी तुला तो शब्द शिकवला, आणि बोंब झाल्यावर गुपचूप नाव बदललं, पण ज्यांना जुन्या नावानं विकलं होतं त्यांच्या घरी एक माणूस पाठवला नाही, त्यांनीही यावं. सेलूला यावं. आमच्या घरी खुर्च्या आहेत.

तिनं तुला एक प्रश्न विचारला होता आणि तू फोन घेऊन गॅलरीत गेलास. तो प्रश्न अजून तिथंच आहे. तिनं माहेर देऊन जे मिळवलं, ते तू तिलाच महिन्या-महिन्यानं लाभ म्हणून वाटलंस. माहीत असून वाटलंस, की माहीत नसताना? हो म्हण, नाही म्हण. मला नको सांगू. तिच्यासमोर बस, तिच्याकडं बघ, आणि सांग.